ट्रक उभा राहील

डिसेंबर सरत आला की अकोट्याच्या पुलाअलीकडे रस्त्याच्या कडेला दोन बांबूंमध्ये पतंगाचा दोरा ताणून त्याला काचेच्या पुडीची गुलाबी लुगदी चोळणारे लोक बसतात. दिवसभर चोळतात. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात, तरी संध्याकाळपर्यंत त्या चिंधीवरचा गुलाबी रंग कुठला आणि माणसाचा कुठला ते कळत नाही. शहर हौसेनं थांबतं, फिरक्या भरून घेतं. दोरा किती कापतो ते विचारतं, कुणाला कापतो ते विचारत नाही. मग उडता दोरा गळ्याला लागू नये म्हणून स्कूटरींच्या हँडलवर तारेच्या कमानी चढतात, उत्तरेचा वारा बाजव्याकडचा रिफायनरीचा वास घेऊन येतो आणि लोक गळ्याला मफलर आवळून फिरू लागतात. घरात आम्ही या सणाला संक्रांत म्हणतो, गच्चीवर गेलो की उत्तराण.

या दिवसांत मफलरवाला कुणी स्कूटरवरून येताना दिसला की मी नजर वळवतो. यंदा वळवायचं खरं तर कारण नाही. ज्यांचा मफलर होता ते श्रावणात गेले.

सुधाकर पोतनीस. अकरा वर्षांपूर्वीच्या थंडीत ते माझ्या ऑफिसात असेच यायचे, नागरवाड्यातून स्कूटरवर, टाय पूर्ण झाकेल असा राखी मफलर गुंडाळून. जिना चढून आले की आधी मफलर काढायचे, त्याची चौकोनी घडी करायची, ती हेल्मेटात ठेवायची आणि मगच दारातून विचारायचे, "येऊ का?" एक्कावन्न वर्षांचे होते. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेली. माल बाहेर जाण्याआधी तपासायचा आणि बरोबर असेल तरच सही करायची, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला. मी तेव्हा अलकापुरीत दुसऱ्या मजल्यावर नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस चालवत होतो. कंपन्यांना माणसं हवी असत, माणसांना कंपन्या, आणि मध्ये मी.

आमची घरं मूळची एकाच गल्लीतली. बारावीला मला रसायनशास्त्र त्यांनी शिकवलं होतं, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून, फुकट. तेव्हा "अरे विनायक, समीकरण दोन्हीकडून सारखं व्हायला पाहिजे, नुसतं दिसून भागत नाही," असं म्हणायचे. माझ्या ऑफिसात पाऊल टाकलं त्या दिवसापासून ते मला "विनायकराव" म्हणू लागले. अहोजाहो करू लागले. मी एकदाही म्हटलं नाही की सुधाकरराव, अहो, विनायकच म्हणा. मला ते आवडत होतं.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. उमेदवार आमच्याकडे येतो तेव्हा त्याला वाटतं, हा आपला माणूस. तो त्याचा नसतो. आमची फी कंपनी देते, म्हणून आम्ही कंपनीचे. आणि कंपनीला एका जागेसाठी तीन नावं लागतात. तिन्ही चांगली पाठवली तर साहेबांना ठरवता येत नाही, महिनाभर घोळ घालतात. म्हणून ज्याचं जमवायचं तो एक पाठवायचा, दुसरा अवाच्या सवा पगार मागणारा, आणि तिसरा असा, की ज्याच्या शेजारी पहिला उजळ दिसावा. पूर्वी मुलगी दाखवताना शेजारी डावी दिसेल अशी चुलत बहीण बसवत, तसं. माझ्या ऑफिसात या तिसऱ्याला आम्ही "सोबतीचा" म्हणायचो. सोबतीला पाठवलेला. त्याला अर्थातच हे माहीत नसतं. माहीत असेल तर तो नीट सोबत करत नाही.

सोबतीचा मिळणं सोपं नसतं. तो वेळेवर आला पाहिजे, कागद चोख पाहिजेत, वागायला सभ्य पाहिजे, नाहीतर कंपनी म्हणते, हे काय पाठवलंत? पण निवडला जाता कामा नये. आणि पाडला गेला की चिडता कामा नये, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पाठवता येतो. पोतनीस पहिल्यांदा माझ्यासमोर बसून आपली फाइल उघडून दाखवत होते, प्रत्येक प्रमाणपत्र वेगळ्या प्लास्टिकमध्ये, तेव्हाच मला कळलं होतं की असा माणूस मला या धंद्यात पुन्हा मिळायचा नाही.

"तुमचा प्रोफाइल फार स्ट्राँग आहे, सुधाकरराव," मी म्हणालो.

"तुम्ही पाहताय म्हणजे काळजी नाही," ते म्हणाले. "घरचे आहात."

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ते माझ्यासाठी सोबतीला गेले. किती वेळा ते मी मुद्दामच मोजलं नाही. मकरपुऱ्याला गेले, पाद्र्याच्या रस्त्याला गेले, एकदा अंकलेश्वरला पहाटेच्या गाडीनं गेले आणि तिथे साहेब नाहीत म्हणून परत आले. दरवेळी मला सांगायला यायचे. एका छोट्या डायरीत कंपनीनं विचारलेले प्रश्न आणि स्वतः दिलेली उत्तरं लिहून ठेवलेली असत, सुबक अक्षरात, प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखी. जे आलं नाही त्यापुढे "माहीत नाही असे सांगितले" असं लिहिलेलं. मी डायरी चाळून मान हलवायचो. "होल्डवर ठेवलंय," म्हणायचो. "पुढच्या आठवड्यात कळवतील." होल्ड हा शब्द कुणी काढला कोण जाणे. पतंग कटल्यावरही थोडा वेळ हवेत हेलकावत असतो आणि खालच्या माणसाच्या हातात दोरा असतो, तेवढा वेळ.

मीच त्यांना केस रंगवायला सांगितलं. घरीच रंगवून आले. डाव्या कानामागे काळा डाग राहिला होता, बोटभर. ते वळून दाराकडे निघाले तेव्हा मला दिसला. खाली रिक्षा उभी होती, मुलाखतीला अर्धा तास होता, माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती, खिशात रुमाल होता. पण त्या दिवशी जो दुसरा मुलगा जात होता त्याचं मला जमवायचं होतं. मी म्हणालो, "बेस्ट लक." ते त्या डागासकट गेले. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, आणि पुढे जे केलं ते याहून मोठं असलं तरी झोपताना मला आधी तो कान दिसतो.

*

पाद्र्याच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत प्रयोगशाळेच्या मुख्याची जागा होती. तिथले मनुष्यबळ खात्याचे मॅनेजर मेहुलभाई. माझं वर्षभराचं अर्धं काम त्यांच्याकडून यायचं. त्यांनी फोन केला, "विनायकभाई, देखाव पूरता त्रण जण मोकलजो. माणस तो आपणो नक्की ज छे." म्हणजे त्यांच्या साडूचा मुलगा आधीच ठरलेला होता, दिखाव्यापुरती तीन नावं हवी होती. मी तीन पाठवली. तिसरं पोतनीसांचं.

उत्तराणाला चार दिवस होते. ऑफिसखालच्या फुटपाथवर फिरक्यांचे ढीग, वरच्या मजल्यावरच्या मुलांची पतंग कापल्याच्या आरोळीची, "काप्यो छे!" अशी, रंगीत तालीम चाललेली. दुपारी पोतनीस आले ते मफलर न काढताच आत आले. "येऊ का?" विचारायचं विसरले. मी चमकलो.

"विनायकराव, आज जरा वेगळं झालं," ते म्हणाले आणि बसले. हसत होते. त्या दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

झालं असं होतं की कंपनीचे नवे टेक्निकल हेड, कोणी खन्ना म्हणून, त्याच आठवड्यात उत्तरेकडून आले होते आणि ते मुलाखतीला बसले. त्यांना ठरलेलं काही ठाऊक नव्हतं. मेहुलभाईंनी बाकीच्या दोघांना विचारलं तेच पोतनीसांना विचारून झालं, तेव्हा खन्ना म्हणाले, समजा माल तपासणीत नापास झाला आहे, ट्रक गेटवर उभा आहे, गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय आणि मालक म्हणतायत सही करा. तुम्ही काय कराल?

"मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, ट्रक उभा राहील."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणणार? नापास म्हणजे नापास. ते हसले हो. चांगले हसले, टेबलावर हात मारून. जाताना हे दिलं." त्यांनी खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं, माझ्याकडे सुलटं करून. "उद्या सकाळी मला थेट फोन करा म्हणाले. पण मी परस्पर कसा करू? तुमच्यामार्फत गेलोय. रीतसर तुमच्याकडूनच जायला हवं. हे तुमच्याकडे असू द्या."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पोतनीसांच्या घरात तीन पिढ्या राज्याच्या कचेरीत गेल्या. कागद खालून वर जाताना मधल्या कुणाला ओलांडून जात नाही, हे त्या घरात मुलांना शुभंकरोतीबरोबर शिकवत. मधल्या माणसाला डावलणं म्हणजे त्याचा अपमान. दुसरा कुणी असता तर जिना उतरायच्या आत त्यानं तो नंबर फिरवला असता. पोतनीसांनी नोकरी हातात आलेली असताना ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, कारण तसं करणं सभ्यपणाचं होतं.

ते गेल्यावर तासाभरात मेहुलभाईंचा फोन. "आ तमारा काकाए तो भारे करी!" खन्नांनी पोतनीसांचंच नाव लिहून दिलं होतं. साडूचा मुलगा मागे पडला होता. "तुम्ही पाठवलात, तुम्हीच संभाळी लेजो ने. काकांनाच नोकरी नको आहे म्हणून खन्नांना सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी आपलं कसं चालायचं?"

मी "जोऊं छुं" म्हणालो. बघतो. बघण्यासारखं काही नव्हतं. चहा मागवला, प्यायलो. मग ते कार्ड समोर धरून त्याच्यावरच्याच नंबरला फोन केला.

"सर, पोतनीसजी की तबीयत थोड़ी... घरवाले मना कर रहे हैं। ख़ुद कहने में उन्हें संकोच हो रहा है, इसलिए मैं..."

"अफ़सोस है," खन्ना म्हणाले. "आदमी सीधा था। उनसे कहिएगा, मन बदले तो मुझे फ़ोन करें। कभी भी।"

"जी, ज़रूर," मी म्हणालो.

सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर कुणाचा तरी पतंग कटला आणि गच्चीवर थाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पोतनीस दहा वाजता आले. मफलरची घडी, हेल्मेट, "येऊ का?" सगळं पुन्हा रीतीनं. मी चेहरा आधीच तयार ठेवला होता.

"वयाचा मुद्दा आला, सुधाकरराव."

त्यांनी मान हलवली. हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता उठतील. ते म्हणाले, "एक विचारू? ट्रकचं उत्तर चुकलं का माझं?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. नोकरी काढून घ्यायला सांगितलं होतं, ती काढून घेऊन झाली होती. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कुणीही मागितलेलं नव्हतं, मेहुलभाईंनीसुद्धा नाही. पण वयाचा मुद्दा त्यांना पुरेसा पटलेला दिसला नाही, आणि त्यांनी खन्नांना फोन करून विचारलं तर, अशी भीती मला वाटली. म्हणून मी म्हणालो, "जरा ताठर वाटलं त्यांना. आजकाल लवचीक माणूस लागतो."

"ताठर," ते म्हणाले. डायरी काढली आणि लिहून घेतलं.

संक्रांतीला घरी आले. तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन. माझ्या बायकोला, सुलभाला, म्हणाले, "वहिनी, विनायकरावांनी माझ्यासाठी फार केलं. यश आलं नाही, तो भाग वेगळा." मग माझ्या तळहातावर एक वडी ठेवून गंभीरपणे म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी वर्षभर दुसरं करत काय होतो?

फेब्रुवारीत त्यांना पुन्हा एका ठिकाणी पाठवलं, सोबतीलाच. त्या मुलाखतीला मी स्वतः कोपऱ्यात बसलो होतो. तिथल्या साहेबानं फिरवून तोच प्रश्न विचारला. या धंद्यात तो सगळेच विचारतात. पोतनीसांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शाळेतला मुलगा पाठ म्हणण्याआधी बाईंकडे बघतो तसं, आणि म्हणाले, "परिस्थिती पाहून निर्णय घेऊ. ट्रक जाऊ देता येईल. नंतर बघता येईल."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सव्वीस वर्षांत त्या माणसानं एका नापास डब्यावर सही केली नव्हती.

तिथेही त्यांची निवड झाली नाही. त्यानंतर त्यांनी येणं बंद केलं.

*

पश्चात्ताप होऊन मी दुकान बंद केलं असं लिहिता आलं असतं. पण तो धंदा मी पुढे आठ वर्षं केला, मेहुलभाईंचंही काम केलं आणि सोबतीचे आणखी पुष्कळ पाठवले. बंद केलं ते गुडघ्यांमुळे. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही.

पोतनीस एका औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसू लागले. खोक्यांवरच्या तारखा बघायच्या आणि मुदत संपलेली औषधं बाजूला काढायची. दर संक्रांतीला वड्या येत राहिल्या. दिवाळीत सुलभा आमच्या स्टीलच्या डब्यातून फराळ पाठवायची, झाकणावर तिचं नाव कोरलेला डबा, आणि संक्रांतीला तोच डबा वड्या भरून परत यायचा. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर घालतात. अकरा वर्षं तो डबा नागरवाडा आणि आमच्या अकोट्याच्या दरम्यान विश्वामित्री नदी ओलांडत राहिला. वड्या उत्तम असत. मला त्या गिळताना पाणी लागायचं.

तीन वर्षांपूर्वी पोतनीसांनी मुलीला माझ्याकडे पाठवलं. मृणाल. एम.एस्सी. झालेली, वडिलांसारखीच लांब बोटं. ऑफिस बंद करायच्या तयारीत होतो, खोकी भरलेली होती. तिनं आपली फाइल टेबलावर ठेवली.

"बाबा म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे कशाला जायचं, घरचेच आहेत."

त्या फाइलीत प्रत्येक प्रमाणपत्र वेगळ्या प्लास्टिकमध्ये होतं.

मी म्हणालो, "माझ्यामार्फत जाऊ नकोस. कुणाच्याच नको. थेट अर्ज कर. आणि कुणी स्वतःचं कार्ड दिलं तर जिना उतरायच्या आत फोन कर."

"का, काका?"

मी एका खोक्याची दोरी आवळू लागलो.

"बोला ने," ती म्हणाली.

मी खण उघडला. ते कार्ड तिथेच होतं. का ठेवलं होतं ते मला सांगता येणार नाही. तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. ट्रक, फोन, ताठर. कानामागच्या डागाचं मात्र सांगितलं नाही, तेवढं धाडस झालं नाही. तिनं कार्ड उचललं, मागून-पुढून पाहिलं.

"बाबा अजून विचारतात," ती म्हणाली. "बसल्या बसल्या. 'मृणाल, ट्रक जाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं गं?' आम्हाला वाटायचं, वय झालंय."

"मी येतो. त्यांना सांगतो. पायावर डोकं..."

"नाही." तिनं फाइल काखेत घेतली. "त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांच्यासाठी धडपडलेला एक माणूस आहे असं त्यांना वाटतं. तो तुम्ही. तेसुद्धा काढून घेणार तुम्ही? तुमचं मन हलकं करायला?" दारापाशी थांबून म्हणाली, "तुम्ही चांगलेच राहा, काका. दर संक्रांतीला वड्या येतील. खायच्या."

कार्ड ती घेऊन गेली.

त्यानंतरच्या तीन संक्रांती मी चांगला माणूस होऊन काढल्या. पोतनीस यायचे, सोफ्यावर बसायचे, तेच वाक्य म्हणायचे, आणि मी "छे छे, मी काय केलं?" म्हणायचो. विनयानं म्हणतोय असं सगळ्यांना वाटायचं. शेवटच्या वर्षी त्यांचा नेम चुकला. वडी माझ्या तळहातावरून खाली पडली. मी ती उचलून खाल्ली, तर ते सुलभाला म्हणाले, "बघा वहिनी, केवढा मान देतात."

*

यंदा त्यांच्या घरी दुखवट्याचं वर्ष. दिवाळीत सुलभानं नेहमीपेक्षा जास्त फराळ पाठवला, त्याच डब्यातून. आज भोगी. उद्या उत्तराण. सकाळपासून वारा चांगला आहे, गच्च्या भरल्यात, समोरच्या झाडात दोऱ्यात अडकलेलं एक कबूतर आहे आणि कुणाला शिडी सापडत नाहीये.

अकराच्या सुमाराला मृणाल आली. गळ्याला राखी मफलर. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. सुलभाच्या हातात डबा दिला.

"वर्ष झालं नाही म्हणून वड्या नाहीत, काकू. पण आई म्हणते, रिकामा डबा देऊ नये." माझ्याकडे पाहिलं. "आता सांगायला हरकत नाही, काका." आणि जिना उतरून गेली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय सांगायला?" सुलभा म्हणाली. तिनं डबा कानाशी हलवून पाहिला. "हलका आहे गं बाई. साखर घातली असेल पोरीनं."

झाकण घट्ट होतं. तिनं ते पदरानं धरून काढलं. घासून पुसून लख्ख केलेल्या डब्याच्या तळाशी ते कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेलं. सुलभानं ते उचललं, चष्मा वर सरकवून वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, मोठ्या साहेबाचं कार्ड दिसतंय. मृणालला नोकरी लागली वाटतं!"

"नाही," मी म्हणालो. "पोतनीसांना लागली होती."